रझांच्या बिंदूच्या चार प्रती आणि लेकीची फी

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीत, मुलगी यंदा दहावीला. सहा लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होतेय. एका गॅलरीने त्यांना सय्यद हैदर रझांच्या ‘बिंदू’ मालिकेतले चार सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या पडद्यातून कागदावर काढलेले छाप, दाखवले. प्रत्येकी १,४०,००० रुपये, प्रत्येक चित्राच्या फक्त १०० प्रती, खाली पेन्सिलने सही. ‘चित्रकार हयात नाहीत, नव्या प्रती निघणार नाहीत, वर्षाला १८ टक्के कुठे गेले नाहीत,’ असं विक्रेता म्हणाला. ठेव मोडून चारही घ्यावेत का, असा त्यांचा प्रश्न.

ताई, चार घेऊ नका. एक घ्यायचा का, ते पुढे बोलू.

रझांच्या किमतींच्या बातम्या तुम्ही वाचल्या असणार. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं ‘जेस्टेशन’ ५१.७५ कोटींना गेलं. पण ते कॅनव्हासवरचं, जगात एकच असलेलं चित्र. तुम्हाला दाखवलाय तो जाळीच्या पडद्यातून एकेक रंग दाबून कागदावर उतरवलेला छाप. त्याचा बाजार वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळं. ‘फक्त १००’ हा आकडाही त्या एका चित्रापुरताच. अशी किती चित्रं छापली गेली, हे त्यातून कळत नाही. शिवाय क्रमांकाच्या प्रतींखेरीज चित्रकारासाठी राखलेल्या, ‘ए.पी.’ लिहिलेल्या प्रती असतात, त्या या शंभरात धरलेल्या नसतात.

आता हिशेब. समजा पाच वर्षांनी तुम्हाला १,६०,००० देणारा भेटला. मध्यस्थाने १५ टक्के घेतले तर हातात येतात १,३६,०००. म्हणजे भाव वाढूनही चार हजारांची खोट, फ्रेमचा खर्च वेगळाच. तेच १,४०,००० साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर कर जाण्याआधी १,९१,८०० च्या आसपास झाले असते. लिलावात विकलं तर तुमच्याकडून कमिशन जातंच, शिवाय घेणाऱ्याला बोलीवर प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचा जादा आकार, भरावा लागतो, त्यामुळे तो बोलीच हात राखून लावतो. नफा झालाच तर ‘घरातली वस्तू’ म्हणून सूट नाही. आयकर कायद्यात कलाकृती भांडवली मालमत्ता आहे. २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे.

आणि वेळ. माझ्या एका अशिलाला दवाखान्याच्या खर्चासाठी असाच एक छाप विकायचा होता. गिऱ्हाईक मिळायला अकरा महिने लागले. चित्र अस्सल होतं, कागदपत्रं चोख होती, तरीही. तुमच्या लेकीची बारावीनंतरची फी अकरा महिने थांबणार नाही. म्हणून ठेवीला हात लावू नका. ती पुन्हा दोन वर्षांसाठी ठेवा.

तरीही तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘तो काळा बिंदू समोर असला की घरात शांत वाटतं.’ हे कारण मला पटतं. नागपूरच्या आणि मग जे. जे.च्या कलाशाळेत शिकलेल्या, फ्रान्समध्ये साठ वर्षं काढलेल्या माणसाचं काम रोज डोळ्यांसमोर असावं, असं वाटण्यात काही चूक नाही. मग बोनसमधून एक घ्या, आणि ते पैसे खर्च झाले असं धरूनच घ्या.

घेण्याआधी प्रत फ्रेमबाहेर काढायला लावा. काचेआडून काहीच कळत नाही. खिडकीशी नेऊन कागद तिरपा धरा. पडद्याच्या छपाईत शाईचा थर कागदावर बसलेला दिसतो, दोन रंग भेटतात तिथे बारीकशी कड जाणवते. भिंग लावल्यावर रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती यंत्रावरची प्रत आहे, आणि तिची किंमत वेगळी. पेन्सिलची सही तिरप्या उजेडात चमकते आणि कागद किंचित दबलेला असतो. छापलेली सही सपाट. यापेक्षाही सोपी खूण तारखेची. रझा २३ जुलै २०१६ ला गेले. त्यानंतर छापलेल्या प्रतीवर त्यांची हातची सही असूच शकत नाही, त्यामुळे छपाईचं वर्ष आणि छापणाऱ्याचं नाव प्रमाणपत्रावर हवंच. हे मी उगाच ताणत नाहीये. २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच प्रदर्शनाला गेलेल्या रझांना भिंतीवरची बहुतेक चित्रं बनावट आढळली होती.

ठाण्याच्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी डाग पडतात, तेव्हा चित्राभोवती आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट लावा आणि ओल येणारी बाहेरची भिंत टाळा. गृहविम्यात चित्राची नोंद किमतीसकट वेगळी करून घ्या.

आणि गॅलरीला एकच प्रश्न ईमेलवर विचारा: ‘दोन वर्षांनी हीच प्रत तुम्ही माझ्याकडून कितीला परत घ्याल?’ १८ टक्क्यांची खात्री असेल तर आकडा लिहून द्यायला त्यांना अडचण नसावी. उत्तर आलं की मला पाठवा, किमतीची घासाघीस त्यावरूनच करू.