लेगोची जुनी मेट्रोलायनर: विकायची की ठेवायची?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई न्यू जर्सीत एडिसनला राहतात, १९९४ ला मुलासाठी दीडशे डॉलरला घेतलेली लेगोची मेट्रोलायनर ट्रेन (सेट ४५५८) बॉक्ससकट ॲटिकमध्ये सापडली, एक दुकानदार सगळ्याचे मिळून ३५० डॉलर देतोय, आणि मुलगा म्हणतोय विकू नको, पाच वर्षांत डबल होईल, उलट इमर्जन्सी फंडातले ३,००० काढून असे बंद झालेले सीलबंद सेट घेऊन ठेवूया.

आधी फंडाचं. त्याला हात लावू नका, प्लीज. अडीनडीला पैसे लागतील त्या दिवशी सीलबंद बॉक्स विकायला गिऱ्हाईक कुठून आणणार? आणि बंद झालेला सेट कायमचा बंद, असंही नसतं. हीच मेट्रोलायनर १९९१ ला आली आणि २००१ ला कंपनीनं १०००१ नंबरनं परत काढली.

अशा सेटचा भाव वर्षाला ११ टक्के वाढतो, हा मुलानं पाठवलेला आकडा खोटा नाहीये, पण तो १९८७ ते २०१५ मधल्या न उघडलेल्या सेटचा आहे, आणि सरासरी आहे, म्हणजे कितीतरी सेट तोट्यातही गेलेत. तुमचा सेट मुलानं मनसोक्त खेळलाय, आणि खेळायलाच तर घेतला होता ना. तेच दीडशे डॉलर वर्षाला १० टक्क्यांनी ३० वर्षं वाढले असते तर साधारण २,६०० झाले असते, म्हणून याला गुंतवणूक म्हणू नका, घरातली एक चांगली जुनी वस्तू म्हणा.

आता साडेतीनशेचं. यात खरा भाव आहे तो ९ व्होल्टच्या सामानाला, म्हणजे मोटर, रूळ आणि वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर यांना, कारण ते २००७ च्या आसपास बंद झालं आणि नंतरच्या ट्रेन बॅटरीवर, नुसत्या प्लास्टिकच्या रुळांवर चालतात. तुमच्या रुळांवर धातूची पातळ पट्टी असेल बघा, करंट तिच्यातून चाकांवाटे मोटरला मिळतो. ती काळी पडली असेल तर मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, गोल रूळ जोडा, रेग्युलेटर लावा आणि ट्रेन पूर्ण फेरी मारतानाचा व्हिडिओ काढा. मोटर चालते हे दाखवता आलं की बोलणंच बदलतं. तुकडे कमी असतील तर ते भरताना जपून, २००४ च्या सुमारास लेगोनं करडा रंग बदलला, नवा जरा निळसर आहे, जुन्या डब्यात तो एक तुकडा लगेच डोळ्यात खुपतो आणि घेणारे हे बघतातच. उन्हानं पिवळं पडलेलं असेल तर तसंच सांगून विका.

मग ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर, गेल्या सहा महिन्यांत वापरलेला ४५५८ खरोखर कितीला गेलाय ते बघा, लोक मागतायत ती किंमत बघू नका. समजा ईबेवर ५०० ला गेला, तर १३ टक्क्यांच्या आसपास फी म्हणजे ६५ गेले, पॅकिंग-पोस्टाचे ३५ धरा, हातात ४००. नफ्यावर टॅक्स आहेच, त्यामुळे दीडशेची पावती सापडली तर जपून ठेवा. म्हणजे एवढ्या खटपटीचे जास्तीचे ५० डॉलर. माझं मत विचाराल तर ४५० च्या वर हातात येत असतील तरच स्वतः विका, नाहीतर तो व्हिडिओ दाखवून दुकानदाराकडेच थोडे वाढवून मागा. पण पाच वर्षं थांबू नका, ॲटिकमधल्या उन्हाळ्यात बॉक्स आणि प्लास्टिक दोन्ही खराब होतात.

एक मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. तुम्ही लिहिलंय की मुलगा लहानपणी बाबांबरोबर मेट्रोपार्क स्टेशनवर खऱ्या मेट्रोलायनर बघायला जायचा. मला वाटतं त्याला डबल-बिबल काही नकोय, ट्रेन घरातून जायला नकोय. साडेतीनशे डॉलरनी तुमच्या रिटायरमेंटमध्ये काहीच फरक पडत नाही, तुमचे आकडे मी बघितलेत. तर रूळ पुसायला या शनिवारी त्यालाच बोलवा, आणि ट्रेन फिरायला लागली की विचारा, तुला हवीये का म्हणून.