वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली कादंबरी

समुपदेशनाच्या कामात एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा कानावर येतो. कधी तो आई विचारते, कधी वडील, तर कधी ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो स्वतःच विचारतो: समलिंगी प्रेमाच्या गोष्टी वाचून माणूस तसा होतो का? एका तरुणाने हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणे सुरू केले, त्याची हकीकत त्याच्या संमतीने येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला आपण निखिल म्हणू.

निखिल 27 वर्षांचा, एका पतसंस्थेत नोकरीला, आई-वडील आणि धाकट्या बहिणीबरोबर राहणारा. पहिल्या भेटीत बराच वेळ तो झोपेच्या तक्रारीविषयीच बोलत होता. वेळ संपत आली तेव्हा त्याने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवले. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते आणि त्यावर निळ्या शाईने ‘बँकिंग परीक्षा’ असे लिहिले होते. कव्हराचे कोपरे हाताळून इतके मऊ पडले होते की त्यांचा कागद कापडासारखा वाटत होता. आत होती एक इंग्रजी कादंबरी: दूरच्या ग्रहमालेतील दोन यानांवरचे दोन पुरुष, त्यांचे तुटलेले इंजिन आणि त्यांचे प्रेम. “मॅडम, दोन वर्षांत अशी चाळीसएक पुस्तकं वाचली,” तो म्हणाला. “वाचून वाचून मी असा झालो का? वाचणं सोडलं तर सगळं पहिल्यासारखं होईल का?”

याआधी एका ठिकाणी त्याला ‘औषधांनी बरे करू’ असे सांगण्यात आले होते, म्हणून तो मुद्दा मी आधी मोकळा केला. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी ती आजारांच्या यादीतून काढली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, आणि लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. जे बिघडलेलेच नाही ते दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, हे मी त्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले.

पण कायदा आणि वैद्यकशास्त्र सांगून त्याची शंका फिटणार नव्हती, कारण त्याचा प्रश्न क्रमाचा होता: आधी पुस्तक की आधी मन? म्हणून मी त्याला मागे जायला सांगितले. पहिली अशी कादंबरी हाती पडण्याच्या पाच वर्षे आधी, कॉलेजातल्या त्याच्या जिवलग मित्राचा साखरपुडा झाला होता. निखिल पंगतीत वाढायला उभा होता, मित्राच्या पानात आमटी वाढताना त्याचा हात थरथरला आणि वाटीभर आमटी सतरंजीवर सांडली. पुढचा आठवडाभर त्याला जेवण गेले नाही. घरच्यांनी त्याला पित्त झाले असेल म्हणून काढा दिला. ही आठवण सांगून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे पुस्तक नंतर आलं.” त्याच्या बोलण्यात मला काही भर घालावी लागली नाही.

गोष्टी वाचून माणसाचा कल ठरत असता, तर निखिलचा कल कधीच वेगळा झाला नसता. लहानपणापासून त्याने जे चित्रपट पाहिले, ज्या मालिका घरात रोज रात्री लागत, ज्या कादंबऱ्या त्याच्या आईने वाचनालयातून आणल्या, त्या सगळ्यांत एक पुरुष आणि एक स्त्रीच होती. उलट्या बाजूनेही हेच दिसते. अमेरिकेत 1970च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या मालिकेतील कर्क आणि स्पॉक या दोन पुरुष पात्रांच्या परस्परप्रेमाच्या कथा चाहत्यांनी छोट्या पत्रिकांमधून लिहायला सुरुवात केली, आणि त्या लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. आजही पुरुषांमधील प्रेमाच्या कादंबऱ्यांचा मोठा वाचकवर्ग स्त्रियांचाच आहे. तेव्हा मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असे पुस्तक दिसले, तर त्यावरून त्यांचा कल ओळखू पाहणाऱ्या पालकांना मी थांबवते. पुस्तकावरून एवढेच कळते की या गोष्टीत वाचणाऱ्याला काहीतरी सापडले आहे. काय सापडले ते फक्त तोच सांगू शकतो, आणि पुस्तक हिसकावून घेतले की तो ते सांगत नाही.

निखिलला काय सापडले होते, ते तिसऱ्या भेटीत कळले. त्याच्या सर्वांत आवडत्या पानाचा अर्थ मी त्याला मराठीत सांगायला सांगितला. तो अडखळू लागला. “त्याने त्याचा हात धरला आणि त्याच्या टाकीतला प्राणवायू त्याला दिला...” एवढे बोलून तो थांबला. “कोण कुणाचा, काहीच कळत नाही हो.” प्रेमकथा सांगताना एक ‘तो’ आणि एक ‘ती’ आपल्या भाषेला इतकी सवयीची आहे की दोन ‘तो’ शेजारी आले की वाक्य गोंधळते. मग त्याने दोघांना नावे दिली, एकाला इंजिनवाला आणि दुसऱ्याला नकाशेवाला, आणि सगळा प्रसंग सरळ सांगितला: शेवटच्या तासाभराचा प्राणवायू दोघांनी कसा वाटून घेतला, आणि बचावयान आल्यावर नकाशेवाल्याच्या आईने इंजिनवाल्याला जवळ घेऊन पहिला प्रश्न काय विचारला. तिने विचारले होते, “तू जेवलास का?” हे सांगताना त्याचा आवाज भरून आला.

मी विचारले, “यातलं सगळ्यात आवडतं काय?”

“तिथे कुणाला दचकायलाच होत नाही. भांडण तहावरून असतं, इंधनावरून असतं. दोघं पुरुष आहेत यावरून नसतं.”

शाळेत असल्यापासून त्याला विज्ञानकथांचे वेड होते. जयंत नारळीकरांच्या कथा त्याने वडिलांच्या कपाटातून घेऊन वाचल्या होत्या. जग वेगळे असते तर काय झाले असते, असे विचारायला विज्ञानकथा वाचकाला शिकवते, आणि निखिल तो प्रश्न स्वतःच्या घराविषयी विचारत होता. शिवाय प्रेमकादंबरीचा एक संकेत असा की शेवटी दोघे एकत्र येतात. समलिंगी माणसांविषयी त्याने जे थोडेफार पाहिले-वाचले होते, त्यात शेवटी कुणीतरी मरत असे, नाहीतर मन मारून बोहल्यावर चढत असे.

एका बाबतीत मात्र मी त्याला सूट दिली नाही. पहाटे तीनपर्यंत वाचून सकाळी पतसंस्थेत रोख मोजायला बसणे त्याला झेपत नव्हते, आणि एखाद्या स्थळाचा विषय निघाला की त्या रात्री वाचन वाढत असे, हेही आम्ही दोघांनी मिळून टिपले. वाचन रात्री अकरापर्यंत ठेवायचे ठरले. स्थळांच्या बाबतीत, घरी लगेच सर्व सांगण्याची त्याच्यावर मी सक्ती केली नाही. ज्याचा निवारा आणि माणसे त्याच घरात आहेत, त्याने सांगण्याची वेळ स्वतःच ठरवावी. पण घरच्यांच्या आग्रहाखातर एखाद्या मुलीशी लग्न करून तिचेही आयुष्य यात ओढायचे नाही, यावर आम्ही नीट बोललो आणि त्याने ते मनापासून मान्य केले. सध्या ‘एक वर्ष थांबा’ एवढेच त्याने आईला सांगितले आहे.

सातव्या भेटीच्या आधी त्याने बहिणीला सांगितले. ती काहीच बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक मागितले. देताना निखिलने वर्तमानपत्राचे कव्हर काढायला घेतले, तर ती म्हणाली, “राहू दे, आई बघेल.” मग पुस्तक हातात घेऊन तिने विचारले, “शेवटी दोघं जगतात ना रे?”

तिचे इंग्रजी जेमतेम आहे. मागच्या आठवड्यात ती चाळिसाव्या पानावर होती, आणि नकाशेवाला नक्की कोणता, हे ती रोज रात्री दादाला विचारते.