डॅन्यूबकाठी रमतगमत सायकल: पासाउ ते व्हिएन्ना

चौघे पन्नाशीपुढचे, सराव बेताचा, हाताशी नऊ दिवस आणि युरोपात नदीकाठानं आरामात सायकल चालवायची, तर कोणती नदी, असं तुम्ही विचारलंय. मी डॅन्यूबच सुचवेन. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत साधारण ३२० किलोमीटर.

प्रवाहाबरोबर पूर्वेकडेच जा. उतार जाणवण्याइतका नाही, पण वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर असतो. मुक्काम श्लोगेन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न असे धरा. रोज ३५ ते ६० किलोमीटर पडतात. मेल्क ते क्रेम्स जेमतेम ३६, पण हीच वाखाऊ दरी: द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या, जर्दाळूच्या बागा, ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. हाताशी असलेला जादा दिवस इथेच घालवा, लिंझमध्ये नको. मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम. ताजे जर्दाळू मात्र जुलैतच.

श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी फिरते. तिथे उत्तर काठाची वाट काही अंतर तुटते आणि सायकलीसकट छोट्या होडीनं जावं लागतं. शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून वेळ आदल्या दिवशीच बघा आणि सुटे युरो जवळ ठेवा.

सायकल पासाउला भाड्यानं घेऊन व्हिएन्नात परत करता येते. बॅगा पुढच्या हॉटेलात पोचवणारी सेवा घ्याच. सायकलवर फक्त रेनकोट, पाणी, खाऊ. रविवारी दुकानं बंद, तेव्हा खाऊ शनिवारीच भरा. जास्त रात्री ऑस्ट्रियात असल्यानं शेंगेन व्हिसाही ऑस्ट्रियाकडेच मागायचा, विमान म्युनिकला उतरलं तरी.

आता ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे बहुधा डाव्या हाताला. घाईत डावा करकचून दाबला की पुढचं चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक पॅडल उलटं दाबून लागतो, त्यामुळे निघताना पॅडल उलटं फिरवून वर आणता येत नाही. मागचं चाक उचलून पॅडल पुढे फिरवायचं. सीट अशी लावा की पॅडल खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ होईल. हे सगळं दुकानाच्या आवारातच दहा मिनिटं करून बघा, मगच उजव्या बाजूनं रस्त्याला लागा.