पोटा हा 2002 चा दहशतवादविरोधी कायदा रद्द का झाला? तो गेल्याने देशात दहशतवादविरोधी कायदाच उरला नाही का?

तसं नाही. पोटा गेला, पण त्यातलं बरंच काही दुसऱ्या दाराने परत आलं.

2002 मध्ये वाजपेयी सरकारचं पोटा विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत पडलं, कारण तिथे सरकारकडे बहुमत नव्हतं. मग 26 मार्चला दोन्ही सभागृहांचं संयुक्त अधिवेशन बोलावून ते 425 विरुद्ध 296 मतांनी मंजूर करून घेतलं. संयुक्त बैठकीत कायदा होण्याची ही आपल्याकडची फक्त तिसरी वेळ. विरोधात काँग्रेस होती, आणि 1985 मध्ये टाडा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा आणला होता तो काँग्रेसनेच! आक्षेप मात्र खरा होता: पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालायचा आणि जामीन जवळपास अशक्य.

2004 मध्ये काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या यूपीए सरकारने पोटा रद्द केला, पण त्याच वेळी 1967 च्या यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक) कायद्यात दहशतवादी कृत्यांची कलमं घातली. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर महिनाभरात संसदेने एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) स्थापन करणारा कायदा केला आणि यूएपीए आणखी कडक केला. आरोपपत्राशिवाय 180 दिवसांपर्यंत कोठडी, जामिनाची कठोर अट, हे तेव्हाचं. कबुलीजबाबाचं कलम तेवढं परत आलं नाही. 2019 पासून तर एखाद्या व्यक्तीलाही सरकार दहशतवादी घोषित करू शकतं.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की निर्दोष सुटणाऱ्याची तुरुंगात गेलेली वर्षं कुठल्याच पक्षाने भरून दिली नाहीत.