परदेशी सिनेमात आपली गरिबी दाखवली की भारतीयांना राग का येतो?

राग गरिबी दाखवल्याचा कमी, ती कशी दाखवली याचा जास्त. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा ब्रिटिश सिनेमा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ जानेवारी २००९ मध्ये इथे लागला तेव्हा पाटण्यात थिएटरची तोडफोड झाली, मुंबईत झोपडपट्टीतल्या लोकांनी निदर्शनं केली. मुख्य आक्षेप नावातल्या ‘डॉग’वर होता आणि मला तो रास्त वाटतो. धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन बघा: फिरतं चाक, दारात ओळीने वाळत घातलेल्या पणत्या, भट्टीचा डोळ्यांत जाणारा धूर. पुढे एखाद्या गल्लीत बायका उलट्या टोपल्यांवर पापड वाळवतात. दिवसभर राबणाऱ्या माणसाला कुत्रं म्हटलं तर झोंबणारच! (आपण मुंबईकर तरी तिथे कितीदा गेलोय, हेही मनाला लागतं.)

पुढच्याच महिन्यात याच सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. त्यात ऑस्कर जिंकणाऱ्या रहमान, गुलजार आणि ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी यांचा सगळ्यांनाच अभिमान वाटला.

आणि हा राग फक्त परक्यांवर निघतो असं नाही. १९८० मध्ये नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावरही गरिबी परदेशात नेल्याचा आरोप केला होता. तिथे मात्र मी राय यांच्या बाजूने आहे. ‘पथेर पांचाली’तली माणसं गरीब आहेत, पण कुणाची कीव मिळवायला उभी केलेली नाहीत.