पॉमेरियन मूळचा कोठला, आणि सहा किलोचा कुत्रा खरा पॉमेरियन असू शकतो का?

पॉमेरियन हा कुत्रा मूळचा कोठला, तो दिसतो कसा, आणि विक्रेत्याने पॉमेरियन म्हणून दिलेला आपला पांढरा कुत्रा आता सहा किलोचा झाला आहे तर तो खरा मानावा की नाही, असे आपण विचारले आहे. यातला शेवटचा भाग वाचून मला मिरजेतील आमच्या घरची २००४ सालची भाऊबीज आठवली, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमच्या कुत्र्याचे नाव कापशा. आईने ओवाळणीचे तबक तयार केले होते, ताई आणि दाजी नुकतेच आले होते आणि कापशा उंबऱ्यावर बसला होता. दाजींनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “हा कसला पॉमेरियन? कापूस चिकटवलेला गावठी आहे हा. खरा पॉमेरियन तीन किलोच्या वर जात नाही.” मी रागाने कापशाला उचलले, समोरच्या किराणा दुकानात नेले आणि पोती तोलण्याच्या काट्यावर बसवले. काटा ६ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. दुकानदाराने “साखरेच्या भावाने लावू की शेंगदाण्याच्या?” असे विचारले, दाजी पोट धरून हसले आणि माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते. ते पुढे बऱ्याच वाचनानंतर सापडले, आणि तेच येथे देत आहे.

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रदेश असून त्याचा काही भाग आज पोलंडमध्ये आणि काही जर्मनीत आहे. ‘समुद्राकाठची भूमी’ अशा अर्थाच्या स्लाव्ह शब्दांवरून ते नाव पडले. म्हणजे पॉमेरियन हे नाव प्रदेशाचे आहे, आकाराचे नव्हे. या कुत्र्याचे पूर्वज उत्तरेकडील थंड मुलखातले, घसरगाड्या ओढणाऱ्या स्पिट्झ (निमुळते तोंड, ताठ कान आणि दाट केस असलेल्या कुत्र्यांच्या) कुळातले होते, आणि जुने पॉमेरियन चौदा किलोपर्यंतही भरत. इंग्लंडची राणी शार्लट हिने १७६७ साली असे दोन कुत्रे आणवले होते. त्याच काळात गेन्सबरो या चित्रकाराने काढलेले पॉमेरियन मादी आणि पिल्लाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे; त्यातली मादी पाहिली तर ती आजच्यासारखी मांडीवर मावणारी नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल.

हा कुत्रा लहान केला गेला तो मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या हौसेपायी. १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे तिने काही पॉमेरियन घेतले, त्यांपैकी मार्को हा तांबूस रंगाचा कुत्रा १८९१ मध्ये इंग्लंडमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात उतरला आणि लहान चणीचा पॉमेरियन पाळण्याची लाटच आली. राणीच्या हयातीत या जातीचा आकार जवळजवळ निम्म्यावर आला. आता मुद्द्याचे सांगतो. त्या काळी अगदीच चिमुकला म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्या मार्कोचे वजन सुमारे साडेपाच किलो सांगितले जाते. दाजींच्या मापाने मोजायचे तर राणीचा कुत्राही गावठीच ठरतो.

आजचे निकष वेगळे आहेत. अमेरिकन निकषानुसार वजन साधारण १.४ ते ३.२ किलो असावे लागते, तर ब्रिटिश निकषात मादी नरापेक्षा किंचित जड धरली आहे. खांद्यापाशी उंची १८ ते २४ सेंटीमीटर, कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, छोटे ताठ कान आणि मुळापासून वळून पाठीवर सपाट पडलेली झुपकेदार शेपटी ही मुख्य लक्षणे. रंग अनेक असतात. हल्ली नारिंगी जास्त दिसतो. चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाची लव गळून ते ओंगळ दिसू लागते, त्यामुळे त्या वयात जातीचा निवाडा करू नये.

केसांचे दोन थर असतात: आत दाट मऊ लव आणि बाहेर सरळ, उभे, राठ केस. दाजींचा दुसरा सल्ला याच बाबतीत होता. पुढच्या मे महिन्यात त्यांनी “उन्हाने मरेल बिचारा, भादरून टाका” असा आग्रह धरला आणि आईने मुकाट्याने ऐकले. या केसांच्या थरांमुळे थंडीपासून तसेच उन्हापासूनही कातडी राखली जाते, हे तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पाठीवरचे केस दीड वर्ष ठिगळाठिगळांनी उगवत राहिले आणि जुना बाहेरचा थर कधीच पूर्ववत झाला नाही. तेव्हा आपल्या कुत्र्याला विंचरा, पण त्याच्या अंगावर यंत्र फिरवू नका, मग सांगणारा घरचा जावई का असेना.

आता आपल्या कुत्र्याबद्दल. महाराष्ट्रात ‘पामेरियन’ म्हणून जे पांढरे कुत्रे वर्षानुवर्षे पाळले गेले ते बहुतांशी इंडियन स्पिट्झ आहेत. इंग्रजांच्या काळात येथे आलेल्या जर्मन स्पिट्झचे ते वंशज असून त्यांच्यातला लहान प्रकार पाच ते सात किलोंचा असतो. आपला कुत्रा बहुधा तोच, आणि आमचा कापशाही तोच होता. म्हणजे आजच्या प्रदर्शनाच्या नियमाने दाजींचे वजनाचे म्हणणे बरोबर होते, एवढे मला मान्य करावे लागते. ‘गावठी’ मात्र साफ चूक, कारण इंडियन स्पिट्झ आणि पॉमेरियन दोघे एकाच स्पिट्झ कुळातले आहेत. जागतिक श्वानसंघटनेने तर पॉमेरियनला जर्मन स्पिट्झच्याच क्रमांक ९७ च्या निकषात बसवले आहे.

विक्रेत्याने पॉमेरियनची किंमत घेऊन स्पिट्झ दिला असेल, तर आपण फसलात. पण त्याची भरपाई म्हणून ‘टीकप’ नावाने विकले जाणारे अगदी चिमुकले पिल्लू घ्यायला जाऊ नका. अशी कोणतीही जात नाही. इतक्या लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते, दात लवकर पडतात आणि श्वासनलिका दबून खोकला लागतो. दाजींनी २०१५ साली असाच एक नारिंगी कुत्रा आणला. त्याच्या गळ्यातला पट्टा डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी काढायला लावला आणि छातीवरून बांधायचा हार्नेस दिला.