वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपची देखभाल

प्रश्न : पिकअप पंचवीस वर्षं जुनी आहे, साध्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की मग दिवसभर लगेच सुरू होते. थंड इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे हीटर प्लग नवे घातले, फरक पडला नाही. पंप उतरवून दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : पंपाला इतक्यात हात लावू नका. झिजलेला पंप बहुतेक वेळा गरम इंजिनवर जास्त त्रास देतो, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतं. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे. रात्री लाइनमध्ये हवा शिरत असावी आणि डिझेल टाकीकडे परत उतरत असावं.

ही गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच फसवते. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे चीर असेल तिथून थेंब बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी घाला, मात्र ती डिझेलला टिकणारी हवी. सकाळी सेल्फ मारण्याआधी तिच्यात पाहा. नळी अर्धी रिकामी दिसली किंवा सेल्फ मारताना बुडबुडे धावले, की निदान झालं. आणखी खात्री हवी असेल तर एक रात्र टाकीची लाइन सोडून, इंजिनपेक्षा उंच ठेवलेल्या स्वच्छ डब्यातून पंपाला डिझेल द्या. सकाळी गाडी पटकन सुरू झाली तर दोष पंपात नाही, टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये आहे.

आधी पाहायच्या जागा अशा : फिल्टरच्या डोक्यावरच्या हातपंपाचं सील, फिल्टरखालचा पाणी सोडायचा स्क्रू, क्लिपपाशी तडकलेला रबरी पाइप, आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांना जोडलेल्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक नळ्या. या शेवटच्या नळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाळून कडक झाल्या असतील तर सगळ्या एकदम बदला.

मग एअर काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. एवढ्याने इंजिन सुरू झालं नाही तर दोन नोझलांचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल दिसताच आवळा. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. हा फवारा कातडीत घुसतो.

आणि प्लग नवे असले तरी त्यांच्यापर्यंत करंट पोचतोय का? चावी हीटरवर ठेवून प्लगच्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. तिथे व्होल्टेज नसेल तर दोष रिले, फ्यूज किंवा वायरचा आहे.

प्रश्न : माल जास्त भरता यावा म्हणून मागे स्प्रिंगचा एकेक जादा पाटा टाकला. तेव्हापासून ब्रेक लावला की गाडीचं नाक दबतं आणि पुढचे पॅड लवकर संपतात.

उत्तर : मागच्या ॲक्सलपाशी झोपून चेसिसच्या बाजूला पाहा. बऱ्याच पिकअपना तिथे ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर वजन इतकं कमी असतं, की पूर्ण दाब मिळाला तर ती जाम होऊन गाडी आडवी फिरेल. म्हणून व्हॉल्व्ह मागचा दाब रोखून धरतो. माल भरला, चेसिस खाली बसली, की दांडी फिरते आणि मागे जास्त दाब जातो.

जादा पाट्याने चेसिस उचलली गेली. आता हौद्यात माल असला तरी व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धवट काम करतात, सगळा भार पुढच्यांवर येतो.

दांडी वर बांधून टाकायची किंवा व्हॉल्व्हच काढायचा, असे सल्ले मिळतील. ऐकू नका, ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत त्याची किंमत मोजावी लागते. मॅन्युअलमध्ये दिलेलं दांडीचं माप मूळ पाट्यांसाठी असतं. पाटा कडक झाला की तेवढ्याच वजनाला तो कमी दबतो, त्यामुळे नुसतं माप जुळवून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या लाइनवर दाबाचे गेज लावून, ठराविक वजनाला मॅन्युअलमधले आकडे जुळतात का ते पाहणाऱ्या वर्कशॉपकडेच जा. त्याआधी दांडी हलते का तपासा. जुन्या गाडीत ती गंजून अडकलेली सापडणं अगदी नेहमीचं.

पाटे बसवतानाची कामंही तपासून घ्या. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. नवे घालून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा ठरलेल्या जोराला (टॉर्कला) आवळायचे. पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकवूनच शेवटचे आवळा. ॲक्सल लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

शिवाय पाटा वाढला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. टायर, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळं पूर्वीचंच आहे.

प्रश्न : गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये (डिफरन्शिअलमध्ये) एकच ऑइल चालेल का?

उत्तर : मॅन्युअल दोन्हीकडे एकच ग्रेड सांगत असेल तरच. हाउसिंगमधल्या, एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या हायपॉइड गिअरना सहसा जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा लागतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग असतात आणि तिथे जीएल-४ सांगितलेलं असेल तर जीएल-५ घालू नका : त्यातली तीव्र ॲडिटिव्ह काही वेळा पितळ खातात, आणि रिंगची पकड कमी होऊन गिअर घासत पडतात. ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. खालचा उघडून ऑइल सांडल्यावर वरचा जाम निघाला तर गाडी आहे तिथेच अडकली.

प्रश्न : बॅटरी नवी, सेल्फही दुरुस्त करून आणला, तरी तो जड फिरतो.

उत्तर : अर्थिंग मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा. इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. त्याच रीतीने पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्येही मोजा. करंट वाहत असतानाच दोष दिसतो. नुसता ओहम मोजला तर एक तार शिल्लक असलेली केबलही चांगलीच दाखवते. अर्थ-पट्टीची दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

प्रश्न : हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकचा तयार लाइनर टाकावा का?

उत्तर : टाकला तर वर्षातून दोनदा तरी उचला. त्याच्याखाली वाळू आणि पाणी साचतं, गाडीच्या थरथरीने वाळू रंग घासते, आणि वरून काहीच दिसत नसताना पत्रा गंजतो. कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. जुन्या हौद्यासाठी रोज काढता येणारी जाड रबरी मॅट बरी.